ओल्या अंगठ्याचं कुलूप

कुंदाच्या सासऱ्यांच्या तोंडात कापसाचा बोळा होता, सकाळीच दाढ काढलेली. तिच्या लेकीचं हॉल तिकीट त्यांच्या फोनात, परीक्षेला अर्धा तास, आणि फोन उघडेना.

दोष कुंदाचाच. "पासवर्ड विसरता ना मामंजी, मग अंगठ्याचं कुलूप लावू," असं तिनंच सुचवलं होतं. तलाठी कचेरीत मामंजींनी तीस वर्षं अंगठा चाटून सातबारे उलटलेले. कुलूप लावताना फोननं दहादा अंगठा मागितला, त्यांनी दहादा चाटून दिला. तेव्हापासून चाटल्याशिवाय फोन उघडेचना. कुंदा तो सांडशीनं उचलायची.

आज तिनं अंगठ्याला नळाचं पाणी लावलं, गुलाबपाणी लावलं, देवघरातलं तीर्थ लावलं, स्वतःची थुंकीही बोटानं फासली. फोन ढिम्म.

"आई, उशीर होतोय गं," लेक रडवेली झाली.

कुंदानं तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या त्या अंगठ्याकडे एकदा पाहिलं. तिनं डोळे मिटले आणि जीभ लावली. फोन पटकन उघडला.

संध्याकाळी कापूस निघाला. मामंजींनी अंगठा मनसोक्त चाटून फोनवर टेकवला. दोनदा, तीनदा. फोन ढिम्म.

मग त्यांनी तो ओला अंगठा निमूटपणे सुनेपुढे धरला.