शीतपेटी

ढोकीत गूळ पावडरचा कारखाना उभारलेले हिंमतराव दर शनिवारी एमबीएच्या पोरापोरींना धंदा शिकवायचे. शिवकन्येनं गावोगावी मयत ठेवायला शीतपेटी भाड्यानं देण्याचा बेत मांडला, तसे ते कीर्तनकारासारखे हात पसरून म्हणाले, "अगं पोरी, आई भवानीच्या मुलखात कसलं अभद्र बोलतीस? पेढे वीक, पेढे! भांडवल मी देतो." सगळा वर्ग हसला.

यंदा ऐन मे महिन्यात त्यांच्या पत्नी तुळजाबाई गेल्या. "आईचं तोंड बघू द्या, बाबा, थांबा," म्हणून मुलगा कॅनडातून फोनवर रडत होता. पोचणार होता परवा. जिल्ह्यात पेटी कुठं मिळेना. हिंमतरावांनी शिवकन्येला फोन लावला.

"सर... पेटी घेतलीच न्हाय हो. तुमचंच ऐकून पेढ्याचं दुकान टाकलंय."