बायकांची वेळ

जयपूरच्या धुळीने यमुनाबाईंना सहा वर्षं शिंका यायच्या, धाप लागायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या आणखी चौघींबरोबर क्लबच्या पोहण्याच्या तलावात, बायकांसाठी राखलेल्या सकाळच्या वेळेत, व्यायाम करू लागल्या, आणि चार महिन्यांत गोळ्या निम्म्यावर आल्या. तेवढ्यात सेक्रेटरींनी बायकांची वेळच बंद केली.

“पाच म्हाताऱ्यांसाठी तलाव अडवून ठेवायचा?”

“श्वास म्हाताऱ्यांनाही लागतो, साहेब,” यमुनाबाई संतापून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जणी पदर खोचून पाण्यात उतरल्या. सेक्रेटरी धावत आले. “माताजी, आता ही पुरुषांची वेळ आहे.”

छातीभर पाण्यात हात फिरवत यमुनाबाई म्हणाल्या, “मग येऊ द्या की त्यांना. आम्ही कुठे त्यांची वेळ बंद केलीय?”