तिसऱ्या मागाचं गाणं

भाग्यलक्ष्मीचं गाणं दुसऱ्या कडव्यात अडखळलं. शब्द पाठ होते, दमही होता. ठेकाच कुठंतरी मागं पडत होता. तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच ठेच लागली.

तिनं मान वर करून तिसऱ्या मागाकडं बघितलं.

वडगावातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत तीन यंत्रमाग होते आणि प्रत्येक मागाला त्याचं गाणं होतं. ही पद्धत तिच्या सासऱ्यांची, यमनाप्पांची. पहिला माग जुना आणि संथ, त्याला अभंग. दुसरा जरा चपळ. त्याला आप्पांच्या आजोळचं कन्नड पद, बायका जात्यावर म्हणायच्या ते. तिसरा सगळ्यात घाईचा. त्याला हिंदी सिनेमातलं एक गाणं, ज्याची आप्पांना थोडी लाज वाटायची आणि जे त्यांना सगळ्यात जास्त आवडायचं. भाग्यलक्ष्मी लग्न होऊन निपाणीहून आली, तेव्हा आप्पांनी तिला पहिलं विचारलं ते हेच. "तुला कुठलं गाणं आवडतंय गं?" तिनं लाजत एक लावणी सांगितली. आप्पांनी ती म्हणायला लावली, मांडीवर ठेका धरला आणि खूश होऊन म्हणाले, "ही तिसऱ्याला बसती." सासरच्या घरात त्या दिवशी तिला पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

पण ही नुसती हौस नव्हती. तीन मागांच्या खडखडाटात बारीक बिघाड कानाला कळत नाही. गाणं म्हणत राहिलं तर मात्र जिभेला लगेच कळतो. "गाणं अडखळलं की इचारत बसायचं न्हाय," आप्पांनी बजावलं होतं. "आदी खटका पाडून माग बंद करायचा." शेजारच्या रवळूला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं. मग एकदा, आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड, त्याच्या मागातून उडाला आणि त्याचा डोळा घेऊन गेला. त्या दुपारी आप्पांनी बिघाड भिंतीपलीकडून ओळखला होता. ओरडत धावलेही होते, पण चार पावलं उशीर झाला. तेव्हापासून गल्लीत कुणाचा माग कुरकुरला की आधी आप्पांच्या कानाला बोलावणं यायचं.

आज तेच आप्पा तिसऱ्या मागाच्या टोकाशी, सुताच्या गठ्ठ्यावर मांडी घालून, मागाकडं पाठ करून धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या निवडत होते. आणि गात होते. तेच सिनेमातलं गाणं, एकही मात्रा न चुकवता.

भाग्यलक्ष्मीला काही सुचेना. आप्पांचं गाणं सरळ चाललंय म्हणजे माग ठीक आहे. आपलाच कान फसत असेल. महिन्यापूर्वी तिनं असाच दुसरा माग बंद केला होता. आप्पांनी क्षणभर तिच्या तोंडाकडं बघितलं होतं आणि म्हणाले होते, "काय झालं न्हाय. कर चालू." दुसऱ्या दिवशी त्याच मागाचा पट्टा तुटला. जुनाच होता, असं सगळे म्हणाले. तीही म्हणाली.

शिवाय माग मधेच थांबला की साडीवर आडवी रेघ उठते. या साड्या लग्नाच्या होत्या. शहापूरला जाताना राजकुमार, तिचा नवरा, दोनदा सांगून गेला होता, "आज माग थांबवू नको." खटका पाडला आणि बिघाड नसला, तर बोलणी तिलाच बसणार होती.

ठेका आता दोन ठिकाणी मोडायला लागला. लावणी तिच्या तोंडातून निघेचना. धोटा मागाच्या टोकाच्या पेटीत शिरताना दर वेळी जरा तिरका होत होता, आणि त्याच्या बरोबर रेषेत आप्पांची वाकलेली पाठ होती.

"आप्पा! उठा तिथनं!"

आप्पांनी वळून बघितलं नाही. त्याचं तिला नवल वाटलं नाही. माग चालू असताना या घरात हाकेला कुणीच ओ देत नसे; हातवारे करून बोलायची सगळ्यांना सवय होती. ती हातातला धागा टाकून भिंतीकडं धावली आणि तिन्ही मागांचा खटका एकदम खाली ओढला.

माग कण्हत कण्हत थांबले. घर मुकं झालं. बाहेर भाजीवाली कुणाशी तरी घासाघीस करत होती, तेसुद्धा स्वच्छ ऐकू आलं. भाग्यलक्ष्मीनं तिसऱ्या मागाकडं बघितलं. धोटा पेटीतून अर्धा बाहेर येऊन अडकला होता. त्याचं लोखंडी टोक आप्पांच्या पाठीपासून हातभर लांब होतं. आणखी एक फेरा, बस. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू आलं आणि हसूही आलं. आप्पा वाचले होते. तिचा कान खरा ठरला होता.

आप्पांनी पुढचं कडवं धरलं.

मागांच्या वर चढवायची सवय असलेला तो मोठा आवाज रिकाम्या खोलीत घुमला. ती बघत राहिली. कांड्या एकेक करून टोपलीत पडत होत्या. आप्पांची मान डोलत होती, डाव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठेका देत होतं. कडवं संपलं. पाठ न वळवता, बोट वर करून ते खुशीत ओरडले,

"ऐक गं भाग्या, तिसरा आज कसा ठेक्यात चाललाय!"