डाव्या हाताची खुर्ची

"खांदे हलवायचे नाहीत. आता हनुवटी डावीकडे ने," शाल्मली म्हणाली. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या नवऱ्याचे खांदे तिने मागून दाबून धरले होते.

हेरंबची मान उजवीकडे मघाशी छान वळली होती. डावीकडे ती जागची हलेना.

"दुखतंय का?"

"नाही गं. म्हणून तर भीती वाटतेय."

चाळिशी आली तशी दोघांनीही, सगळ्यांसारखाच, मानेत सवयी शिकणारा कृत्रिम मणका बसवून घेतला होता. रोजच्या हालचाली तो अगदी अलगद करून द्यायचा. मानदुखी कशी असते, हे दोघं विसरूनही गेली होती.

"कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून कडकन मोडून घेतो. बाबा घ्यायचे तशी."

"वेडा आहेस का? मणका सरकला तर मानेखालचं सगळं जाईल!"

तिने मान-पाठीचे मणके बघणाऱ्या कायरोप्रॅक्टर बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मानेला कुणाला हात लावू देऊ नका, मीही लावणार नाही. जी हालचाल वर्षभर होत नाही, ती हा मणका बंद करून टाकतो. घरात त्यांच्या डाव्या हाताला काय असतं?"

शाल्मलीने पाहिलं. तिथे तिची खुर्ची होती.

तिने फोन ठेवला. "वर्षभरात एकदाही नाही, हेरंब?"

ती त्या खुर्चीत मटकन बसली आणि त्याला चांगलं सुनवायचं म्हणून रागारागाने त्याच्याकडे वळायला गेली.

तिची मान वळली नाही. दुखलं मात्र अजिबात नाही.