सर लायोनेलना घरी पाठवायचं

सर लायोनेल थ्रप अजून गेले नव्हते. चहाच्या खोलीत खिडकीपाशी बसून लोणी लावलेला टोस्ट निवांत चघळत होते. त्यांना बघताच खासदार डेनिस औथवेट दारातच थबकली.

शुक्रवारी दुपारी संसदेत थांबतं कोण? बहुतेक खासदार आदल्या दिवशीच आपापल्या गावी पळतात. हा म्हातारा मात्र मुद्दाम थांबायचा. मंत्री नसलेल्या साध्या खासदारांची विधेयकं शुक्रवारी येतात आणि अडीचला कामकाज संपतं. तोवर कुणी नुसतं बोलतच राहिलं, की विधेयकाचा निकाल लागलाच. सर लायोनेल बोलायचे. मधमाश्यांपासून रोमन रस्त्यांपर्यंत काय वाट्टेल ते बोलायचे. वसंतात डेनिसचं विधेयक त्यांनी असंच गिळलं होतं. आणि आज अधिवेशनातला शेवटचा शुक्रवार होता.

विधेयक होतं एवढंसं. खाजगी मालकीच्या जुन्या बंधाऱ्यांची सरकारी तपासणी व्हावी. डेनिसच्या यॉर्कशरमधल्या मतदारसंघात, बंद पडलेल्या गिरणीच्या वर असा एक बंधारा होता. मागच्या हिवाळ्यात त्याचे चार दगड निखळले आणि पाण्याने कॅरल स्केल्टनच्या नवऱ्याला नेलं. मालकाने चार दगड परत बसवले, झालं. तिथे आता आठवडाभर पाऊस लागून होता. कॅरलचं घर कुणी विकत घेईना आणि दुसरं घ्यायची तिची ऐपत नव्हती.

"भिंत झिरपतेय हो," सकाळी कॅरल म्हणाली होती. "रात्री उठून नातीच्या पलंगाखाली हात फिरवते. फरशी कोरडी लागली की मग पडते जरा." आता ती वर प्रेक्षकांच्या सज्जात पर्स कवटाळून बसली होती.

पक्षाची प्रतोद मॉयरा टलक हिने सकाळीच बजावलं होतं, "माणसं काठावर आहेत, पण भरतात. मतदानात चाळीस जणांनी भाग घेतला पाहिजे, सभापती आणि मतं मोजणारे खासदार धरून. नाहीतर सगळं बाद. लायोनेलचं माझ्यावर सोड. तू फक्त शांत बस."

शांत बसणं डेनिसला जमलं असतं तर ती राजकारणात कशाला आली असती?

"या, बसा," सर लायोनेल म्हणाले. "चावत नाही मी. आज फार बोलणारही नाही."

वसंतातही ते हेच म्हणाले होते, आणि मग दीड तास बोलले होते.

"पण मत विरोधातच ना?"

"अर्थात. माणसाच्या भिंतीत सरकारने नाक खुपसू नये." त्यांनी ओठ टिपले. "आमच्या रोझलिंडला बरं नाही आज. तरी थांबलोय. विधेयक मरायचं तर मतांनी मरावं."

हा माणूस आजारी बायकोला सोडून तिचं विधेयक मारायला बसला होता. पुढचं वाक्य तिच्या तोंडून कसं निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"माझा आज नंबरच लागणार नाहीये, सर लायोनेल. आधीचं विधेयक अडीचपर्यंत चालणार. मी आत्ताच विचारून आले."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही घरी जा. रोझलिंडबाई वाट बघत असतील."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. दुसरा सदस्य खोटं बोलतोय असं म्हणायचीसुद्धा या सभागृहात बंदी आहे, आणि सर लायोनेल जुन्या वळणाचे. त्यांनी विश्वास ठेवला.

"बरं झालं सांगितलंत," ते छडी शोधत म्हणाले. "मॉयराला कळवा हं, मी निघालो म्हणून."

"कळवते."

तिने कळवलं नाही. मॉयराने खोदून विचारलं असतं, आणि मग आपलं तोंड कुठे लपवायचं?

आधीचं विधेयक तासाभरात आटोपलं. डेनिसचा नंबर लागला. बोलताना दार वाजलं की ती वळून बघायची. म्हाताऱ्याला स्टेशनवर कुणी भेटलं तर? तो परत फिरला तर? पण दारातून प्रत्येक वेळी दुसरंच कुणी आलं आणि चर्चा वेळेत संपली.

"नाही!" मत विचारताच मागच्या बाकावरून दोन तरुण ओरडले. मतदानाच्या घंटा घणघणल्या. विरोधी मतं मोजायला तेच दोघे उभे राहिले; मोजणाऱ्यांना स्वतः मत देता येत नाही.

इथे मत द्यायचं म्हणजे आपल्या बाजूच्या गल्लीतून चालत जायचं. डेनिस 'हो'वाल्यांच्या गल्लीतून पुढे सरकत होती. पलीकडच्या गल्लीत तिने मान वळवून पाहिलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. खरंच कुणी नव्हतं. खोटं बोलल्याची सगळी टोचणी त्या एका क्षणात विरघळली.

दोन्ही बाजूंचे मिळून चौघे मोजणारे सभापतींच्या खुर्चीसमोर येऊन झुकले.

"हो, चौतीस. नाही, शून्य."

वर सज्जात कॅरल उठून उभी राहिली. दोन्ही हात तोंडावर, डोळे भरलेले. डेनिस तिच्याकडे बघून हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच अशी मोकळी हसली असेल.

आज खुर्चीवर असलेल्या उपसभापतीबाई मात्र कागद खाली ठेवेनात. शेजारच्या अधिकाऱ्याशी त्या काहीतरी कुजबुजल्या.

"मोजणारे आणि मी धरून एकोणचाळीस. भाग घेतलेले सदस्य चाळिसांहून कमी आहेत. निर्णय झालेला नाही. पुढचं कामकाज."

मॉयरा बाकांमधून वाट काढत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लायोनेल कुठे आहेत?"

"घरी," डेनिस म्हणाली. "मीच पाठवलं त्यांना."

"घरी? अगं, आठवडाभर विनवण्या करून थांबवलं होतं मी त्यांना," मॉयरा म्हणाली. "म्हटलं, भाषण करू नका, फक्त तुमचं विरोधातलं मत टाका, म्हणजे चाळीस भरतील."