उन्हाची गोळी

सोसायटीच्या यंत्रात सकाळी बोट घातलं, की रक्तात जे कमी असेल त्याच्याच गोळ्या वाटीत पडायच्या. कुमुदिनीच्या वाटीत आजही उन्हाची पिवळी गोळी पडली. नवऱ्याच्या वाटीत मात्र ती नव्हती. दिवसभर घरात बसणाऱ्या या माणसाला ऊन मिळतं कुठून?

मागोमाग शेजारच्या बिनीवालेबाई आल्या. त्यांच्याही वाटीत पिवळी गोळी नव्हती. कुमुदिनीच्या मनात पाल चुकचुकली.

दुपारी "बँकेत जाऊन येते" म्हणून ती निघाली आणि अर्ध्या तासाने परतली, ती थेट गच्चीवर. तिथे साडीवर कुरडया पसरलेल्या होत्या. सकाळपासून उन्हात कुरडया घालून दमलेल्या बिनीवालेबाई आता सावलीत बसल्या होत्या आणि हे काठी घेऊन भर उन्हात उभे.

"अहो, काय करताय इथे?"

"बाईंना गुडघ्यांमुळे सारखं उठवत नाही. कावळे हाकलतोय."

दुसरं काही निघालं असतं, तर तिला भांडता तरी आलं असतं. लग्नानंतर कितीतरी उन्हाळे तिच्या कुरडया कावळ्यांनी पळवल्या, शेवटी कंटाळून तिने वाळवणच सोडलं. तेव्हा दुपारभर हे खाली पंख्याखाली घोरत असायचे.