पहिला नंबर

"हा आता कामातून गेला," असं जुन्या कॉम्प्युटरबद्दल जाहीर करून बाबांनी नव्यासाठी प्रोसेसर शोधायला घेतला. कमी पैशांत जास्त वेगवान कुठला, हे ठरवायला रोज वेग मोजणारे बेंचमार्क बघायचे, चाचण्यांचे व्हिडिओ लावायचे, आकड्यांचा तक्ता करायचा. तेवढ्यात बाजारात नवीन प्रोसेसर यायचा, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अखेर एकदाचा पहिला नंबर ठरला. बाबांनी आईला स्क्रीनसमोर बसवून सगळा तक्ता समजावला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एवढा उद्योग केलात कशावर?"

"कशावर म्हणजे? यावरच."

"मध्ये कुठे अडखळला?"

"नाही बुवा."

"मग याला मार्क किती?"

बाबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. त्या जुन्याचं नाव घालायचंच राहिलं होतं.